केटल ग्रिलवर लाकडाचा पिझ्झा: खालून कोळसा, वरून कच्चा. कुठे चुकतंय?

केटलवाली

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते, मागच्या अंगणात २२ इंची केटल ग्रिल आहे, कोळशाचं. दोन वर्षांपूर्वी नेपल्सला गेलो होतो तेव्हा तिथल्या लाकडाच्या भट्टीतला मार्गेरिटा खाल्ला आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय की हा घरी जमायलाच हवा. अगदी समोर उभी राहून बघत होते, पिझ्झा आत सरकवला आणि मिनिट-दीड मिनिटात बाहेर, कडा टम्म फुगलेली, त्यावर चित्त्यासारखे काळे ठिपके आणि मधे इतका मऊ की घडी घालून खाता येईल. घरच्या ओव्हनला ५५० फॅरेनहाइटवर आठ मिनिटं लागतात आणि कडा टोस्टसारखी कडक होते म्हणून ग्रिलकडे वळले.

मी काय केलं ते सगळं सांगते म्हणजे तुम्हाला चूक सापडेल. तळाला सगळीकडे सारखे निखारे पसरले, वर ओकच्या लाकडाचे चार-पाच तुकडे टाकले, जाळीवर १५ इंची पिझ्झा स्टोन (पिझ्झा भाजायची दगडासारखी चकती) ठेवला आणि झाकण लावून ४० मिनिटं तापवलं. तापमान बघायच्या गनने स्टोन ७८० फॅ. दाखवला. मला वाटलं झालं काम. पिझ्झा टाकला, दोन मिनिटांनी झाकण उघडलं तर खालून अक्षरशः कोळसा आणि वरचं चीज धड वितळलेलंही नाही, कडा पांढरीफटक. दुसऱ्या वेळी स्टोन ६०० पर्यंत उतरू दिला, तर खालून बरा झाला पण वरून तसाच आजारी माणसासारखा फिका. तिसऱ्या वेळी घाईत स्टोन ओल्या फडक्याने पुसला आणि लगेच आगीवर ठेवला, दहा मिनिटांत खट्‌ आवाज येऊन दोन तुकडे.

तीन आठवड्यांनी लेकीचा दहावा वाढदिवस आहे, बारा जण येणार आणि तिने पिझ्झाच मागितलाय. नवरा म्हणतो वेगळा पिझ्झा ओव्हन घेऊन टाकू. पण मला याच केटलवर जमवायचंय, त्यात काहीतरी साधी गोष्ट मला कळत नाहीये असं सारखं वाटतंय. कणीक अशी: ब्रेड फ्लावर, एक मोठा चमचा साखर, दोन चमचे ऑलिव्ह तेल, यीस्ट, दोन तास फुगवलेली. कुणी हे केलंय का?

---

माणदेशी मावशी

अगं बाई, तू भाकरी करतेस का चुलीवर? निदान आईला, आजीला करताना बघितलं असशील. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, खालची बाजू शेकली की तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरापुढे, म्हणजे निखाऱ्यांपुढे, उभी करतात. का? तर तव्यावर ठेवून ती नीट फुगत नाही, खालून करपते फक्त. आरापुढे धरली की समोरून धग लागते आणि पापुद्रा सुटून टम्म होते. तुझ्या पिझ्झ्याला नुसता तवा मिळतोय, आर मिळत नाहीये. सगळी आग तू स्टोनच्या पोटाखाली घातलीस, वरच्या बाजूने काय बघायचं आगीकडे? जाळ बाजूला घे आणि तो वरून वाहू दे.

पिझ्झ्याचं मला फार कळत नाही, नातवासाठी करते तेवढंच, पण जाळाचं कळतं.

---

ओव्हनवेडा

मावशींनी मुद्दा एकदम बरोबर पकडलाय, मी फक्त केटलच्या भाषेत सांगतो. डॅलसला असतो, सहा वर्षं २२ इंचीवरच पिझ्झा करतोय आणि पहिले तीन-चार महिने माझंही हेच व्हायचं.

आधी हे बघा. नेपल्समध्ये १९८४ पासून एक संघटना आहे जी खऱ्या नेपोलिटन पिझ्झ्याचे नियम ठरवते. त्यांच्या नियमात भट्टीची फरशी साधारण ३८० ते ४३० सेल्सिअस आणि घुमट ४८५ च्या आसपास. म्हणजे फरशीपेक्षा डोक्यावरचा भाग जास्त गरम. तुमचा ७८० फॅ. म्हणजे ४१५ से., नेपल्सच्या फरशीइतकाच झाला, तरी तिथे जळत नाही आणि तुमच्याकडे जळतो, कारण तिथे ६० ते ९० सेकंदांत वरचं काम उरकतं आणि पिझ्झा बाहेर येतो. तुमच्याकडे वरून ताप नाही म्हणून चीज वितळायची वाट बघत पिझ्झा त्याच फरशीवर दोन-तीन मिनिटं बसून राहतो. आणि त्यांची फरशी सच्छिद्र भाजक्या मातीची असते, ती उष्णता सावकाश सोडते, आपला स्टोन त्यापेक्षा जोरात देतो.

केटलमध्ये अजून एक अडचण म्हणजे झाकण. पातळ पत्रा, त्यात उष्णता साठत नाही, आणि पिझ्झा टाकायला ते उचललं की वरची सगळी गरम हवा निघून जाते. नेमका वरचा ताप जेव्हा हवा असतो तेव्हाच तो शून्य.

मी काय करतो:

स्टोन जाळीवर ठेवतच नाही. जाळीवर दोन फायर ब्रिक (आग सोसणाऱ्या विटा), ९ × ४.५ × २.५ इंचाची नेहमीची मिळते ती, आडव्या धारेवर उभ्या करून त्यावर स्टोन. म्हणजे तो साडेचार इंच वर येतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूच्या जवळ जातो. पिझ्झा आणि झाकण यात जेवढी जागा कमी तेवढा वरून ताप जास्त.

निखारे स्टोनखाली नाहीत. मागच्या अर्ध्या भागात चंद्रकोरीसारखे रचायचे, दोन्ही बाजूंना थोडे पुढे येतील असे. एक चिमणी (कोळसा पेटवायचं नळकांडं) भरून लम्प चारकोल, म्हणजे लाकडाचा अख्खा कोळसा (दाबून केलेल्या वड्या, ब्रिकेट, नकोत, लम्प जास्त तापतो) पेटवून ओतायचा, त्यावर दोन-तीन सुक्या लाकडाचे फाटे, मनगटापेक्षा बारीक. खालची भोकं पूर्ण उघडी. २५-३० मिनिटांत स्टोन ६०० फॅ. च्या आसपास येतो. ७८० ची हाव सोडा, आपल्याला ६०० ते ६५० पुरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिझ्झा टाकायच्या दोन मिनिटं आधी अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन-तीन काटक्या निखाऱ्यांवर टाका. त्या भडकल्या पाहिजेत. निखारा नव्हे, ज्वाळा हवी. ती मागून वर चढते, झाकणाला लागून पुढे वळते आणि पिझ्झ्याच्या डोक्यावरून जाते. लाकडाचा खरा उपयोग हाच आहे. दोन-तीन मिनिटांत धुराचा स्वाद फारसा उतरत नाही, लाकूड आपण जाळासाठी वापरतो.

जमलं तर केटलच्या कडेवर बसणारं स्टीलचं कडं घ्या, पुढून तोंड असलेलं, झाकण त्याच्या वर बसतं. मग झाकण उचलावंच लागत नाही, समोरून सरकवायचं. वेगळ्या ओव्हनपेक्षा बरंच स्वस्त पडतं. बारा जणांसाठी करणार असाल तर मी म्हणेन घ्याच, नाहीतर प्रत्येक पिझ्झ्याला झाकण उचलून ताप घालवत बसाल.

---

बार्देसकर

म्हापशाकडचा आहे मी, सध्या पुण्यात. ओव्हनवेडा, ज्वाळेचं एकदम पटलं. आमच्याकडे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी लहानपणापासून बघितलेली, तिथे उलटं असतं म्हणून सांगतो. आत लाकूड जाळून भट्टी तापवतात आणि मग निखारे बाजूला ओढून, फरशी साफ करून पाव आत लावतात. विटांमध्ये जो ताप मुरलेला असतो त्यावर पाव भाजतो, पोई भाजते. हळू होत उतरत जाणारा ताप. पावाला तोच लागतो, जाडी असते, आतपर्यंत शिजायला वेळ हवा.

पिझ्झ्याला मात्र आग आतच ठेवतात, बाजूला ढकलून जिवंत ठेवतात. मी मुळशीजवळ मित्राच्या शेतावर विटांची घुमटाची भट्टी बांधायला मदत केली तेव्हा हा फरक कळला. पहिल्या दिवशी आम्ही पोदेरासारखे निखारे सगळे बाहेर काढले आणि पिझ्झा टाकला तर तो पावासारखा झाला, चवीला चांगला पण ते ठिपके नाहीत, कडा मऊ नाही. दुसऱ्या दिवशी आग डाव्या हाताला ठेवून केला आणि जमला. तिथे एक खूण लक्षात ठेवायची, लाकूड पेटल्यावर घुमट आतून काजळीने काळाकुट्ट होतो आणि ताप चढला की ती काजळी जळून विटा परत स्वच्छ दिसायला लागतात. तसं झालं की भट्टी तयार, थर्मामीटर नसला तरी चालतं.

लाकडाबद्दल एकच सांगतो, सुकं पाहिजे. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा, सुकी असतील तर टणटण वाजतात, ओली बदबद. आम्ही बाभूळ आणि आंबा वापरतो, बाभळीचा निखारा टिकतो, आंब्याचा जाळ मोठा. तिकडे ओक, मेपल मिळतंय ना, उत्तम. पाईन नको, राळ असते, काजळी धरते. आणि रंग दिलेलं, प्लायवूड, जुन्या पॅकिंगच्या फळ्या असलं काहीही नको, त्यावर काय मारलेलं असतं कुणाला माहीत आणि तो धूर थेट अन्नावर.

---

केटलवाली

मावशी, भाकरीचं वाचलं आणि एकदम ट्यूब पेटली!! आजी कोरेगावची, तिला आर ओढून भाकरी लावताना शेकडो वेळा बघितलंय आणि मला हे सुचलं नाही.

कडं मागवलं. दोन शंका. स्टोन परत स्टोनच घेऊ की स्टील? स्टील फुटत नाही म्हणून मोह होतोय. आणि कणकेत काही बदलू का?

---

ओव्हनवेडा

स्टोनच. कॉर्डिएराइटचा (ताप सोसणारं सिरॅमिक) घ्या, पाऊण इंच जाडीचा मिळाला तर बघा. स्टील घरच्या ओव्हनसाठी छान आहे, तिथे ताप कमी असतो म्हणून स्टीलने पटकन दिलेला हवाच असतो. आगीवर तेच उलटं पडतं, स्टील इतक्या झपाट्याने उष्णता देतं की ६५० वरसुद्धा मिनिटभरात खालून काळा. तुमची तक्रार आधीच खालून जळण्याची आहे, त्यात स्टील म्हणजे आगीत तेल.

आणि तो फुटला कारण पाणी. स्टोन पाणी पितो, मग आतल्या पाण्याची वाफ होते आणि तडा जातो. धुवायचाच नाही, जळलेलं खरवडून काढायचं, काळे डाग राहू देत. थंड असताना ग्रिलवर ठेवा, आगीबरोबर तापू दे, तापलेल्यावर गार काही पडू देऊ नका.

---

परातवाली

कणकेवर मी बोलते कारण माझा जीव त्यात आहे, ठाण्याला घरून ब्रेड विकते.

साखर काढून टाका. इतक्या तापावर साखर आधी करपते. नेपोलिटन कणकेत मैदा, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच असतं, तेलही नाही. शिवाय अमेरिकेतल्या ब्रेड फ्लावरमध्ये बऱ्याचदा बार्लीचं माल्ट घातलेलं असतं, पिशवीवर वाचा. घरच्या ओव्हनमध्ये त्याने रंग छान येतो, पण ८००-९०० फॅ. वर लवकर काळं पडतं. इटालियन ००, म्हणजे 'दोप्पिओ झीरो', त्यात ते नसतं म्हणून तो तिथे चालतो. लोकांना वाटतं ०० म्हणजे जास्त ताकदीचा मैदा, तसं नाही, ०० म्हणजे किती शुभ्र दळलाय, ताकद वेगळी बघावी लागते. तुमचा स्टोन ६०० ते ६५० वर असणार आणि पिझ्झा तीनेक मिनिटं राहणार, तर ब्रेड फ्लावरही चालेल, फक्त साखर नको. ०० मिळाला तर दोन्ही अर्धं अर्धं करून बघा.

प्रमाण वजनावर घ्या, कपावर नको:

मैदा १ किलो
पाणी ६३० ग्रॅम, गार
मीठ २८ ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम

याचे २७५ ग्रॅमचे सहा उंडे होतात, प्रत्येकाचा १२ इंची पिझ्झा. बारा जणांना दुप्पट करा.

मैदा-पाणी आधी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मग मीठ-यीस्ट घालून तिंबा. सुरुवातीला हाताला चिकटेल, चिकटू दे, वरून मैदा घालायचा मोह आवरा. आठ-दहा मिनिटांनी ती परातीला सोडायला लागते आणि गुळगुळीत होते, बोटाने दाबलं तर खड्डा हळूहळू भरून येतो. तासभर बाहेर, मग फ्रिजमध्ये दोन दिवस. दोन तास आणि दोन दिवस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, चव तर येतेच पण कणीक इतकी सैल होते की लाटण्याला हातच लावावा लागत नाही. करायच्या आदल्या रात्री उंडे वळून डब्यात एकमेकांपासून लांब ठेवा, आणि भाजायच्या तीन तास आधी बाहेर काढा. गार उंडा ओढला की परत आकसतो.

लाटणं वापरू नका हो कृपा करून. मधून बाहेर बोटांनी दाबत न्यायचं, कडेचा एक इंच अजिबात दाबायचा नाही. त्या कडेत जी हवा आहे तीच फुगते, लाटण्याने ती हवा मारली जाते आणि मग कितीही आग असली तरी कडा उठत नाही.

चीजचं पण सांगते. ताजं पाण्यातलं मोझरेला असेल तर सकाळीच काप करून चाळणीत निथळत ठेवा, फ्रिजमध्ये. नाहीतर मधे तळं होतं. टोमॅटो शिजवायचे नाहीत, डब्यातले सोललेले हाताने कुस्करायचे, मीठ, बस. अगदी पातळ थर द्या.

---

माणदेशी मावशी

आणि लाकडी फावड्यावर जास्त वेळ ठेवू नकोस, चिकटतो. बारीक रवा भुरभुरव खाली, कोरडं पीठ नको, ते करपून कडू लागतं. भाकरीखाली पीठ जास्त झालं की जसं लागतं तसं.

---

केटलवाली

काल सराव झाला, सगळं लिहिते.

विटांवर स्टोन, मागे चंद्रकोर, कडं बसवलं. ३५ मिनिटांनी स्टोन मधे ६२०, मागच्या कडेला ७००. पहिला पिझ्झा काटक्या न टाकता टाकला, मुद्दाम, मला फरक बघायचा होता. पाच मिनिटं लागली आणि कडा फिकीच. दुसऱ्याला ओकच्या तीन काटक्या टाकल्या आणि त्या धडधडून पेटेपर्यंत थांबले. झाकणाच्या आतून ज्वाळा पुढे येताना दिसत होती, अगदी तोंडापर्यंत. सरकवला, आणि वीस सेकंदांत मागची कडा डोळ्यांसमोर फुगायला लागली, आधी एक फुगा, मग शेजारी दुसरा, आणि त्यावर काळे ठिपके उमटले. मी फिरवायला विसरले, तशीच बघत बसले, त्यामुळे मागची बाजू जरा जास्त झाली. तिसऱ्याला दर ३० सेकंदांनी पाव फेरा फिरवला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. खालून खरपूस तपकिरी, मधूनमधून काळे ठिपके, कडा दाबली तर परत वर आली. नवऱ्याने उभ्याउभ्या अर्धा संपवला आणि ओव्हनचा विषय बंद केला.

चौथ्याला मात्र खालून परत जळायला लागलं. गनने बघितलं तर स्टोन ७१०. मधे मी पंधरा मिनिटं थांबले होते टॉपिंग करत, तेव्हा तो चढत गेला असणार.

---

ओव्हनवेडा

वा! दोन चाळीस म्हणजे केटलसाठी फार छान.

स्टोन रिकामा राहिला की चढतोच. सगळं टॉपिंग वाट्यांमध्ये आधी मांडून ठेवा, उंडे रांगेत, एकाने ओढायचे, दुसऱ्याने भाजायचे. पिझ्झे लागोपाठ गेले की स्टोन प्रत्येक वेळी थोडा उतरतो आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत परत येतो. चढलाच तर गार करायला पाणी-बिणी नको, लाकूड टाकणं थांबवा, झाकण काढून ठेवा, पाचेक मिनिटांत उतरेल. दर चार पिझ्झ्यांमागे मूठभर लम्प आणि एक फाटा मागच्या बाजूला घाला, एकदम भरपूर घातलंत तर ताप आधी पडतो आणि मग भसकन चढतो.

आणि मुलं असणार आहेत म्हणून, ग्रिलपासून पाच-सहा फुटांवर खडूने रेघ मारा, त्याच्या आत फक्त भाजणारा. पाऊस आला तर गॅरेजमध्ये नेऊ नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही, निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. पाऊस आला तर ओव्हनमध्ये करायचे, तेवढी तयारी ठेवा.

---

केटलवाली

रेघेचं करते नक्की. लेक म्हणतेय तिचा उंडा ती स्वतः ओढणार, तर रेघेबाहेर एक टेबल लावून मुलांना तिथेच बसवते. मावशी, राख किती वेळाने काढू? काल रात्री दहाला विझवलं, आज सकाळी वरची राख एकदम गार होती म्हणून कागदी पिशवीत भरायला निघाले होते.

---

माणदेशी मावशी

अजिबात नको! वरची राख गार असते गं, पोटात निखारा जिवंत असतो. आम्ही रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायचो आणि सकाळी फुंकणीने फुंकला की तोच पेटायचा, काडी लागायची नाही. दोन दिवस तशीच राहू दे भोकं बंद करून, मग पत्र्याच्या डब्यात भर, झाकण लाव आणि डबा घरापासून लांब ठेव. उरलेला कोळसा असेल तर तो चाळून पुढच्या वेळी वापर, छान पेटतो.